गावचा भाचा आणि तिसरा गिअर

आमच्या घरात वस्तू कोणाच्याही पैशाने आली तरी ती मोठ्या माणसाच्या हातूनच घ्यायची, अशी रीत आहे. मिक्सर घेतला तेव्हा पैसे माझ्या पगारातले होते आणि दुकानदाराच्या हातात ते ठेवले नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. फ्रीजचंही तसंच. पैसे देताना माणूस कसा दिसतो याला आमच्याकडे फार महत्त्व. ते कमावले कोणी, हा प्रश्न खालच्या दर्जाचा समजतात. त्यामुळे मी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा बयाणा कोण देणार यावर घरात चर्चाही झाली नाही.

गाडी मला हवी होती रावेरला जायला. तिथे माझी आई एकटी राहते. वडील गेले, तिची साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले, पण फोनवर ती कधी "ये" म्हणायची नाही. फक्त विचारायची, "कधी येशीन वं?" मी जळगावला एका शाळेत शिकवते. सुटी मिळते रविवारची आणि त्यातली अर्धी भुसावळच्या स्टँडवर गाडीची वाट बघण्यात जाते. शिवाय आमच्याकडे सुनेला माहेरी जायला कारण लागतं. आईची तब्येत हे कारण दोनदा चालतं. तिसऱ्या वेळी नाना पेपरातून मान वर न काढता विचारतात, "परत?" दारात स्वतःची गाडी असली की हा प्रश्न त्यांच्या तोंडातून निघेपर्यंत मी भुसावळ ओलांडलेलं असेल, असा माझा हिशेब होता.

नानांनी परवानगी दिली, पण अट घालून. पहिला मोठा खर्च निघाला की गाडी विकून टाकायची. जुनी गाडी म्हणजे म्हातारा बैल, चारा खातो आणि नांगराला नाही म्हणतो, हे त्यांचं मत. मी अट कबूल केली. माझ्या नवऱ्यानेही कबूल केली. तो शांत माणूस आहे. घरात दोन बाजू पडल्या की त्याला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवते आणि तो ती बघायला वर जातो.

मी जळगावातच गाडी बघणार होते, पण नानांचा जन्म सोनगीरजवळच्या खेड्यातला. चाळीस वर्षं जळगावात काढूनही त्यांच्या लेखी जळगावकर फक्त सोनं बरोबर तोलतात, बाकी कशात त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. खरा माणूस पाहिजे तर धुळ्याला जावं. म्हणून एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला गेलो आणि हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये शिरलो. मालक त्या दिवशी नव्हता. टाय लावलेला एक विक्रेता होता. नानांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो गाडीबद्दल नव्हता.

"तू कोन गावना?"

हा प्रश्न नाना सगळ्यांना विचारतात. कंडक्टरला विचारतात, छातीला नळी लावलेल्या डॉक्टरलाही विचारतात. गाव कळलं की ते त्या गावातल्या कोणाला ना कोणाला ओळखत असतात, मग त्या माणसाची बहीण कुठे दिली हे निघतं आणि पाव तासात समोरचा माणूस पाहुणा होऊन बसतो. विक्रेता नाशिकचा निघाला. नाशिकमध्ये नानांचं कोणीच नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला आणि आम्ही नाइलाजाने गाडीकडे वळलो.

गाडी छोटी, पांढरी, बरी होती. वर्षभराची वॉरंटी होती, इंजिन आणि गिअरबॉक्सची. मी तिच्यातून चक्कर मारून आले. मागच्या सीटवर बसून नाना सबंध वेळ "डावीकडे ले, हळू" असं सांगत होते. माझ्याकडे लायसन्स तेरा वर्षांपासून आहे, पण मी गाडी चालवते ही गोष्ट नानांनी कधी मान्य केलेली नव्हती. ते फार तर गाडी माझ्याकडून चालवून घेत. मग बयाणा त्यांनी दिला. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली त्यांच्या हातात दिली, हार त्यांच्या गळ्यात घातला आणि फोटो काढला. फोटोत मी कडेला नारळ धरून उभी आहे. आरसी माझ्या नावावर झाली, कारण तिथे सरकारला आमची रीत माहीत नाही. वॉरंटीच्या कार्डावर मात्र विक्रेत्याने, हार ज्यांच्या गळ्यात त्यांचं, म्हणजे नानांचं नाव लिहून टाकलं.

पुढचे काही महिने मी राणी होते. रविवारी सकाळी निघायचं, सावद्याला आईसाठी भाजी घ्यायची, दहाच्या आत तिच्या ओट्यावर. आई गाडीभोवती एक चक्कर मारायची, बॉनेटवर हात फिरवायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात मला पाणी विचारायची. मला तेवढ्याचंही सुख वाटायचं.

मग एका रविवारी सावद्याच्या पुढे केळीच्या ट्रकमागे सापडले. आमच्या भागात रस्त्यावर केळीचा ट्रक पुढे असला की देवाचं नाव घ्यायचं आणि तिसऱ्या गिअरवर समाधान मानायचं. त्या दिवशी तिसरा पडेना. जोर केला तेव्हा पडला, पण असा आवाज करून की ट्रकच्या क्लीनरने मागे वळून बघितलं. पुढच्या रविवारी पडलेला गिअर आपोआप बाहेर यायला लागला. जळगावच्या मेकॅनिकने चक्कर मारली, कान दिला आणि गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं. खोलून बनवायचा आकडाही सांगितला. माझे दोन पगार त्याने एका वाक्यात खाल्ले. वॉरंटी असेल तर खोलू नका, तिकडेच न्या, हेही त्यानेच सांगितलं.

घरी मी कोणाला काही बोलले नाही. शाळेच्या कामाचं निमित्त सांगून एकटी धुळ्याला गेले. दुसऱ्या गिअरमधून थेट चौथ्यात, अशी उड्या मारत गेले. या वेळी मालक होता. चाळिशीचा, कपाळावर गंध, टेबलावर चार देव आणि तीन मोबाइल. मी आत गेले तेव्हा तो माझ्या मागे बघत राहिला. मागून कोणी पुरुष येईल आणि मग बोलणं सुरू करता येईल अशी त्याची समजूत असावी. कोणी येत नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, गाडी तुम्हीच चालवता का?"

हो म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, कारण त्याला दोष सापडला होता. बायका क्लचवर पाय ठेवून चालवतात, तो म्हणाला. क्लच गेला असणार, आणि क्लच वॉरंटीत येत नाही. गिअरबॉक्सचा आवाज आहे असं म्हणाले तर म्हणाला, क्लच खराब झाल्यामुळे गिअरबॉक्स खराब झाला, म्हणजे मूळ कारण क्लचच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याने माझ्या तोंडावर मला ऐकवली. मी मराठी शिकवते, हे त्याला माहीत नव्हतं. मी कार्ड पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं आणि आणखी खूश झाला. कार्डावर नाव दुसऱ्याचं होतं. ज्यांच्या नावाने कार्ड त्यांनीच समक्ष यायचं, तुमचा यात संबंध येत नाही. मी ग्राहक आयोगात जाईन म्हणाले. त्याने मला आयोगाच्या कार्यालयाचा रस्ता समजावून सांगितला, कुठे वळायचं तेही.

परतताना एरंडोलपर्यंत मी त्याला उद्देशून जे बोलले ते शाळेतल्या बाईला शोभणारं नव्हतं. एरंडोलनंतर डोकं थंड झालं. नानांना सांगावं तर त्यांची अट तयार होती, गाडी विका. न सांगावं तर कार्ड त्यांच्या नावाचं. तेव्हा सांगायचं, पण कसं सांगायचं ते मी ठरवून घेतलं. गिअरबॉक्सचं नाव नंतर काढलं. आधी म्हटलं, नाना, तुमच्या नावाचं कार्ड तो माणूस मानत नाही.

नानांनी पेपर खाली ठेवला. "मना नावनं कार्ड, आनि तो मानस नही?"

दुसऱ्या रविवारी इस्त्रीचे कपडे, टोपी घालून, हातात काठी घेऊन नाना गाडीत पुढे बसले. नवरा टाकी बघायला वर गेलेला होता. रस्ताभर मी चौथ्या गिअरवर प्रार्थना करत होते आणि नाना आपण त्या माणसाला कसं सरळ करणार आहोत ते सांगत होते. मला पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून बरं वाटलं. म्हातारा खमका आहे, आज काम होतंय, असं मी मनात म्हणत होते.

मालक नानांना बघून उभा राहिला. माझ्यासाठी तो उठला नव्हता. खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा हा माणूस नानांशी थेट अहिराणीत शिरला. नानांनी दम द्यायला तोंड उघडलं, पण सवय वाईट. आधी त्यांनी त्याचं गाव विचारलं. त्याने ते सांगायच्या ऐवजी यांचंच गाव विचारून घेतलं. सोनगीरकडचं नाव ऐकलं आणि त्याने दोन्ही हात जोडले.

"नाना, मन्ही मायनं माहेर तिकडलंच शे."

एवढंच बोलला तो. पुढचं सगळं काम नानांनी केलं. कोणाच्या घरची, त्यांनीच विचारलं. तो डोकं खाजवायला लागला तर त्यांनीच सुचवलं, गढीजवळच्या घरातली का. तो हो म्हणाला. मग ती मोठी की धाकटी, तर धाकटीच असणार, कारण मोठी मालेगावला दिली. तो म्हणाला, धाकटीच. मग तिचं लग्न अमक्या साली झालं, आगीत मांडव जळता जळता वाचला, मी स्वतः पाणी टाकलं. मालकाने आईकडून ही गोष्ट लहानपणी ऐकल्याचं सांगितलं. दोर नानांनीच वळला, फासही त्यांनीच केला आणि मान त्यात घालून म्हणाले, "मंग तू आम्हना गावना भाचा शे."

आमच्या भागात गावच्या लेकीचा मुलगा हा सबंध गावाचा भाचा असतो. लेकीच्या घरचं जुनी माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि भाच्याला द्यायचं असतं, त्याच्याकडे मागायचं नसतं. चहा आला तेव्हा नानांनी कप हाताने बाजूला सारला. मी हळूच म्हटलं, नाना, गिअरबॉक्स. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी देवळात चपला घालून आले आहे.

"भाचाकडथीन लेवानं नही ऱ्हास," ते मला म्हणाले. "त्याले देवानं ऱ्हास."

आणि त्यांनी आतल्या खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात ठेवली. तो त्यांच्या पाया पडला. वॉरंटी मागायला आलेला माणूस वॉरंटी बुडवणाऱ्याला आहेर करून मोकळा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भाच्यालाही मग उदार व्हावं लागलं. तो म्हणाला, मामा, तुम्ही खर्चात कशाला पडता, ही गाडी मी परत घेतो. त्याने जो भाव सांगितला त्यात आम्ही एक चांगली मोटरसायकल घेऊ शकलो असतो. नानांनी मान डोलावली.

"ठेई ले."

आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण मी मुलांना दरवर्षी शिकवते, पण तिचा अर्थ मला त्या खुर्चीत कळला. दोन वर्षं पोट मारून मी साठवलेलं, माझे रविवार, आईचा ओटा, सगळं दोन शब्दांत गेलं. आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असं की पुण्य पदरात पडलंय. तरी मी आवाज चढवला नाही.

"गाडी माझी आहे," मी म्हटलं. "किल्ली मी देणार नाही."

नानांनी माझ्याकडून मान वळवून टेबलावरच्या देवांकडे बघितलं. परक्यासमोर सुनेने असं बोलावं, हे आमच्या रीतीत कुठेच बसत नव्हतं. मालकाने प्रसंग सावरला. घरचा मामला आहे, घरी बसून ठरवा, घाई नाही, तो म्हणाला. आणि आता सगळं गोड झालंच आहे म्हणून त्याने एक वाक्य जास्त बोलून टाकलं. मामा, घर मागच्याच कॉलनीत आहे, कधीही या.

शहरात या वाक्याचा अर्थ आता निघा, असा होतो. नानांनी त्याचा अर्थ या, असा घेतला. गावची लेक दोन पावलांवर असताना तिला न भेटता जाणं त्यांना शक्य नव्हतं. मालक गडबडला. आई झोपली असेल, देवाला गेली असेल, तब्येत बरी नसते, असं एकामागून एक काढू लागला. तब्येत बरी नाही म्हटल्यावर तर नानांनी काठीच उचलली. फक्त एक अडचण होती. लेकीच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत.

म्हणून गाडी शोरूमसमोरच ठेवून आम्ही रिक्षाने पाचकंदीलच्या बाजारात गेलो आणि एक लुगडं घेतलं. पैसे मी दिले. दुकानदाराच्या हातात नानांनी ठेवले. रिक्षात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. माझ्या मांडीवर लुगड्याची पिशवी होती आणि पर्समध्ये गाडीची किल्ली. मी पर्स दोन्ही हातांनी धरून बसले होते.

कॉलनीत विचारत घर गाठलं, तर भाच्याची आई देवाला गेलेली नव्हती. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. साधी, हसरी बाई. नानांनी गावाचं नाव सांगितलं, हात जोडले, आणि गढीजवळच्या घराबद्दल, मालेगावच्या बहिणीबद्दल, मांडवाच्या आगीबद्दल विचारत सुटले. बाई ऐकत राहिली. शेंगा फोडायची थांबली. मग अवघडून म्हणाली, "मनं माहेर शहादाकडे शे, भाऊ. सोनगीरना किल्ला मी एसटीमाईन दखेल शे, बस."

नानांनी पुन्हा एकदा विचारलं, तिच्या आईचं आजोळ तरी, एखादी मावशी तरी. नव्हतं कोणी. उलट बाईनेच मन मोकळं केलं. असे कोणी ना कोणी येतात, म्हणाली. मागे शिंदखेड्याकडचे एक आबा आले, त्याआधी साक्रीकडचे दोघं. कोणी साडी देतं, कोणी हातात पैसे ठेवतं. मुलाला विचारलं तर म्हणतो, जुनी माणसं आहेत, मान मोडू नको, घेऊन टाक. एवढ्या गावांची लेक मी कशी झाले हेच मला कळत नाही, भाऊ. आत कपाटात साड्या मावत नाहीत, एखादी तरी परत न्या, असं ती कळवळून म्हणत होती.

मला हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला आणि नानांकडे बघितलं तर हसू गेलं. ते एकदम म्हातारे दिसत होते. आयुष्यभर ज्या एका विद्येवर ते उभे होते, तीच त्यांच्यावर उलटली होती. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे सांगितलं पाहिजे, कारण तासाभरापूर्वी मी त्यांना मनात काय काय म्हटलं होतं ते सांगण्यासारखं नाही.

नानांनी पिशवीतून लुगडं काढलं आणि बाईच्या पुढे ठेवलं. ती नको नको म्हणाली.

"लेई ले, अक्का. आनेल लुगडं परत लई जातस नही."

मग आम्ही पुन्हा शोरूममध्ये गेलो. मालकाने आमच्याकडे बघितलं आणि त्याला कळायचं ते कळलं. तो उठून उभा राहिला, पण नानांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची ओढून ते बसले, काठी आडवी टेबलावर ठेवली, चार देवांच्या समोर.

"आते च्या मांगाड," ते म्हणाले.

चहा आला. नानांनी बशीत ओतून सावकाश फुर्र फुर्र करत पूर्ण प्यायला आणि आणखी एक मागवला. तोही प्यायला. टोपी सरळ केली. "आते मी मामा नही, गिऱ्हाईक शे. मना नावनं कार्ड शे, मी आयेल शे. बोल."

मालकाने क्लचपासून सुरुवात करायचा प्रयत्न केला. नानांनी त्याला पुरं बोलू दिलं नाही. ते शिव्या देत नव्हते, आवाजही चढवत नव्हते. लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्यांच्याकडे पार शिरपूरपासून चाळीसगावपर्यंतच्या पत्रिका येऊन पडल्या होत्या. प्रत्येक लग्नाला ते जाणार होते, प्रत्येक पंगतीत शेजारी कोणीतरी बसणार होतं आणि जेवताना माणसाला गोष्ट लागते.

"परतेक मांडवमा तुन्ही गोष्ट सांगसू," ते म्हणाले. "तुन्ही मायन्या साड्यासनी."

ग्राहक आयोगाचा रस्ता समजावून सांगणारा हा माणूस मांडवाला मात्र घाबरला. त्याचं घाबरणं बरोबर होतं. आयोगात तारखा पडतात, मांडवात त्याच दिवशी निकाल लागतो. जुनी गाडी घेणारं त्याचं सगळं गिऱ्हाईक त्याच पंगतींत बसून जेवत होतं. गिअरबॉक्स क्लचमुळे गेला हे त्याचं मत पाच मिनिटांत बदललं. गाडी ठेवून जा, पूर्ण गिअरबॉक्स खोलून, नवे भाग घालून देतो, एक पैसा नको, असं त्याने कार्डाच्या मागे लिहून दिलं. सही नानांची घेतली, आणि ही गोष्ट कुठल्याही मांडवात न काढण्याचा शब्दही. निघताना नानांनी हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन करतायत. ते पाचशेची नोट परत मागत होते.

किल्ली मात्र मला द्यावी लागली, आणि पुढचे तीन आठवडे मी रावेरला एसटीने गेले. आईने गाडीचं विचारलं नाही, पण शेजारीण विचारायची, तेव्हा आई मला ऐकवत सांगायची, सर्व्हिसिंगला दिली वं. तीन आठवड्यांत मी मालकाला अकरा फोन केले. दहा वेळा त्याने भाग मुंबईहून यायचाय म्हणून सांगितलं. अकराव्या वेळी मी त्याला मांडवाची आठवण करून दिली. भाग तेवढ्यात आला.

गाडी आणायला नाना आले होते. तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. रस्त्यात त्यांनी अटीचा विषय स्वतःहून काढला. मोठा खर्च निघालाच नाही, मग विकायची कशाला, असं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मी बरं म्हटलं.

मालकाला दिलेला शब्द मात्र नानांनी पाळला नाही. त्या लग्नसराईत जिथे गेले तिथे त्यांनी ही गोष्ट सांगितली. मालकाचं नाव घेत नव्हते, एवढीच सवलत. गोष्ट हळूहळू सुधारत गेली. आता त्यांना मालकाचा संशय पहिल्यापासूनच येतो. पाचशेची नोट तर ते त्याची परीक्षा बघायला देतात. गावच्या लेकीला भेटायला जातात तेही पुरावा गोळा करायला. "ठेई ले" हे दोन शब्द गोष्टीतून गेले. मी "गाडी माझी आहे" म्हणाले, तेही गेलं. मी शेजारच्या बायकांच्या पंगतीतून ऐकायची आणि कोरडी भाकरी गिळावी तसं ते गिळायची.

शेवटी पारोळ्याच्या एका लग्नात माझ्याच्याने राहवलं नाही. जेवणं झाली होती, नाना खुर्चीवर बसून दहा-बारा पाहुण्यांना गोष्ट सांगत होते, नवराही तिथे उभा होता आणि तिथे बघायला पाण्याची टाकी नव्हती. मी मागून पुढे गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, या गोष्टीत मी कुठे होते?"

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. नवरा खाली बघायला लागला. नानांनी जरा विचार केला. खरोखरच केला. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. त्यातलं काय सांगण्यासारखं आहे, हे ते शोधत होते.

"जळगावथीन धुळे, धुळेथीन जळगाव," ते सगळ्यांना म्हणाले, "बठ्ठा रस्ता गाडी तिनीच चालाडी."

आणि पुढची गोष्ट सांगायला लागले. गाडी मीच चालवली, हे त्यांच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकत होते. गाडी माझी, पैसे माझे, भांडण मी काढलेलं, किल्ली मी धरून ठेवलेली, आणि माझ्या वाट्याला आलं ते ड्रायव्हरचं काम. तरी मला आनंद झाला, आणि आनंद झाला याचा फार राग आला.